खानदेशी उन्हातले दोन कॅमेरे

अजिंठ्याच्या भिंतींवरची चित्रे उतरवून घेण्यासाठी ईस्ट इंडिया कंपनीने मद्रास फौजेतल्या रॉबर्ट गिल यांना १८४४ साली नेमले. त्यांनी तैलरंगात केलेल्या बहुतेक प्रतिकृती लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडलेल्या होत्या. डिसेंबर १८६६ च्या आगीत त्या जळून गेल्या. गिल १८७९ मध्ये भुसावळला वारले आणि तिथेच त्यांना पुरले. त्यांची आणि पारोची प्रेमकथा आपल्याकडे कविता-सिनेमातून घरोघर पोहोचली आहे. गिल कॅमेराही वापरत, ही गोष्ट मात्र क्वचितच निघते. जेम्स फर्ग्युसन यांच्या मजकुरासह त्यांची छायाचित्रे १८६४ मध्ये पुस्तकरूपाने आली. वर्षानुवर्षे रंगवलेले कॅनव्हास एका आगीत गेले. छायाचित्रांच्या प्रती मात्र ठिकठिकाणी पसरल्या होत्या, म्हणून त्या टिकल्या.

‘मिररलेस घ्यावा की जुना फिल्म कॅमेरा?’ हा प्रश्न सध्या जळगाव-धुळ्यातली तरुण मुले हौसेने विचारतात. त्याचे उत्तर शोधताना मला गिल यांच्यापासूनच सुरुवात करावीशी वाटते. त्यांच्या काळातली ओल्या कोलोडियनची काच जवळजवळ फक्त निळा प्रकाश ओळखे. अजिंठ्याचा गेरू आणि तांबडा रंग तिच्यावर काळाच उमटणार. आज त्याच लेण्यात फ्लॅशला बंदी आहे. तरी हातात मिररलेस असेल, तर आयएसओ ६४०० वर, तिवईशिवाय, पद्मपाणीच्या मुकुटाचे बारकावेसुद्धा मिळतात. बऱ्याच मिररलेसमध्ये सेन्सर आतल्या आत हलून हाताची थरथर सावरतो. जुन्या एसएलआरमध्ये शटर दाबताच आरसा वर उचलला जाई आणि नेमक्या त्या क्षणी डोळ्यापुढे अंधार येई. मिररलेसमध्ये आरसाच नाही. सेन्सरला जे दिसते तेच व्ह्यूफाइंडरमध्ये दिसते, उजेड कमी-जास्त झाला तर तोही आधीच कळतो. अंधारातल्या कामात फिल्मची आणि या कॅमेऱ्याची बरोबरी होऊच शकत नाही, हे मान्य करून पुढे जाऊ.

पुढे जायचे ते चाळीसगावला. मुंबई-भुसावळ मार्गावरच्या याच जंक्शनातून धुळ्याचा फाटा फुटतो. स्टेशनाजवळच्या घरात कलामहर्षी केकी मूस राहिले. जन्म १९१२ चा, मृत्यू ३१ डिसेंबर १९८९ चा. इंग्लंडमध्ये कलाशिक्षण घेऊन परतल्यावर त्यांनी आयुष्याची जवळजवळ पन्नास वर्षे त्या घरात स्वतःला कोंडून घेतले. प्रेयसी पंजाब मेलने येईल म्हणून गाडीच्या वेळी ते दार उघडत, ही कथा चाळीसगावात कोणीही सांगेल. कथा हृदयाला भिडणारी आहे, पण तिने मूस यांच्या कामावर सावली धरली आहे याचे मला वाईट वाटते. ते टेबलटॉप छायाचित्रणाचे फार मोठे कलावंत होते. टेबलावर छोट्या वस्तू मांडायच्या, दिवा सरकवून सावली लांबवायची आणि बघणाऱ्याला उघड्या रानाचा किंवा गावरस्त्याचा भास द्यायचा, असे ते काम. खोलीतल्या खोलीत केलेल्या त्या छायाचित्रांना देशोदेशी पारितोषिके मिळाली. त्यांचे घर आज कलादालन आहे.

मूस ज्या पद्धतीने काम करत, तिच्यात फिल्मचे खरे बळ दिसते. रोलमध्ये मध्यम आकाराच्या १२ किंवा ३५ मिलिमीटरच्या ३६ चौकटी. निकाल दिसायचा तो रोल धुतल्यावर. त्यामुळे विचार आधी करावा लागे. मिररलेसच्या पडद्यावर निकाल लगेच दिसतो, चूक लगेच सुधारते, आणि म्हणून शिकणाऱ्याची प्रगतीही झपाट्याने होते. पण मांडणी मनात तयार करण्याची सवय फिल्म जितकी लावते, तितकी दुसरे काही लावत नाही. नव्या मुलांनी निदान दोन-चार काळे-पांढरे रोल स्वतः धुऊन पाहावेत, असे मी आग्रहाने म्हणतो.

रोल धुण्याचा विषय निघाला की खानदेशात पहिली अडचण उन्हाळ्याची. काळ्या-पांढऱ्या फिल्मचे डेव्हलपर साधारण २० अंश सेल्सिअसला धरून बेतलेले असते. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या आसपास जातो, टाकीचे पाणी हाताला चटका देते. डेव्हलपर गरम झाले की निगेटिव्ह हा हा म्हणता काळे पडते. जिलेटिनचा थर मऊ होतो, आणि गरम द्रावणातून एकदम थंड पाण्यात गेला तर त्याला बारीक जाळीसारख्या सुरकुत्या पडतात. म्हणून ट्रेभोवती बर्फ लावायचा, महत्त्वाचे रोल पहाटे धुवायचे. रंगीत फिल्मच्या सी-४१ प्रक्रियेला तर सुमारे ३८ अंशच लागतात, पण तेही काटेकोर. मिररलेसलाही ऊन सोसत नाही. बहुतेक कॅमेऱ्यांच्या पुस्तिकेत वापराची मर्यादा ४० अंश छापलेली असते. भर दुपारी लांबलचक फोर-के चित्रीकरण चालू ठेवले तर काही कॅमेरे तापून बंद पडतात, आणि वरातीत असे बंद पडणे परवडत नाही. अशा वेळी पूर्ण यांत्रिक निकॉन एफएम-२ किंवा पेंटॅक्स के-१००० चालूच राहतो. त्यांना बॅटरी लागते ती फक्त प्रकाशमापकाला.

आपल्या उजेडाचा आणखी एक स्वभाव आहे. पांढरी टोपी, पांढरे धोतर, उन्हाने रापलेला चेहरा आणि मागे काळी कपाशीची जमीन. निगेटिव्ह फिल्मवर जास्तीचा उजेड पडला तरी टोपीच्या घड्या शाबूत राहतात, कमी पडला तर मात्र सावल्या कायमच्या जातात. डिजिटलचे उलटे आहे. सावल्या नंतर उजळता येतात, पण एकदा पांढरा भाग फाटला की परत येत नाही. म्हणून फिल्मवर चेहऱ्याच्या सावलीचे माप घ्यावे आणि मिररलेसवर टोपीचे सांभाळावे. रावेर-यावलच्या केळीबागांत, पानांतून ऊन ठिपक्याठिपक्यांनी सांडते तिथे, हा फरक प्रत्येक चौकटीत दिसतो.

पैशाचा हिशेब सरळ आहे. आज रंगीत रोल, धुलाई आणि स्कॅनिंग धरून खर्च हजाराच्या पुढे जातो. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ रोल केव्हाच इतिहासजमा झाला. कोडॅकने जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. २०२४ मध्ये ‘पेंटॅक्स १७’ हा नवा फिल्म कॅमेरा आला, याचा आनंद आहे, पण त्यावर लग्नाची ऑर्डर घेता येणार नाही. कानबाईचे रात्रीचे जागरण असो की हळद, व्यावसायिकाने मिररलेसच घ्यावा. जुनी लेन्स घरात असेल तर ती विकू नये. मिररलेसमध्ये लेन्सपासून सेन्सरचे अंतर कमी असते (निकॉन एफमध्ये ४६.५ मिलिमीटर, झेडमध्ये १६), त्यामुळे मध्ये अडॅप्टर बसवून आजोबांची लेन्स नव्या कॅमेऱ्यावर चालते.

पण मला सर्वांत जास्त काळजी आहे ती आधी काढून ठेवलेल्या चित्रांची. जुने स्टुडिओ बंद होताना निगेटिव्हच्या पेट्या भंगारात जातात. फिल्मवरची चांदी काढून घेतात, काचा धुऊन पुन्हा वापरतात. त्या पेट्यांत तीन-चार पिढ्यांची लग्ने आहेत, शाळांचे गटफोटो आहेत, पाटलांचे वाडे आहेत, बाजार आहेत. हे दस्तऐवजच आहेत. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे दारोदार फिरून माळ्यांवरची दप्तरे जमवत. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात त्यांचे निधन झाले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने तिथे संशोधन मंडळ उभे राहिले. कागदांसाठी खानदेशाने जे केले, ते छायाचित्रांसाठीही करायला हवे.

आणि या कामाचे उत्तम हत्यार मिररलेस कॅमेराच आहे. सपाट प्रकाशपेटीवर निगेटिव्ह ठेवायचे, वर स्टँडला कॅमेरा उलटा लावायचा, मॅक्रो लेन्सने रॉ फाइल टिपायची आणि संगणकावर उलटवायची. एका दुपारी अख्खी पेटी उतरते. अर्थात फाइल झाली म्हणजे काम संपले नाही. हार्डडिस्क अचानक बंद पडते, मोबाइल हरवतो. फाइलच्या तीन प्रती, त्यांतली एक दुसऱ्या गावी, आणि निवडक चित्रांचे कागदावर छापे, एवढे केलेच पाहिजे. मूळ निगेटिव्हही फेकू नये.

वाचकांना माझी विनंती आहे. या दिवाळीत माळा झाडताना निगेटिव्हचे पाकीट सापडले तर ते उघडून बघा. व्हिनेगरसारखा वास आला तर फिल्म खराब होऊ लागली आहे, तिला आधी हात घाला. पाकिटे पत्र्याखाली ठेवू नका, घरातल्या थंड, कोरड्या खोलीत कागदी लिफाफ्यात ठेवा. आणि घरातली वडीलधारी मंडळी ओळख पटवू शकत आहेत तोवर प्रत्येक फोटोतल्या माणसाचे नाव, गाव आणि साल वहीत लिहून घ्या.