मरीत उरलेली तूर

आळंद, भालकी, औराद या पट्ट्यात तूर फुलोऱ्यात आली की शेतकऱ्याला धास्ती असते ती मर रोगाची. हिरव्यागार ओळीत एखादे झाड, कधी नुसती त्याची एक फांदी, पिवळी पडून मान टाकते. खोड उभे चिरावे तर आत काळपट रेघा. ‘फ्युजेरियम उडम’ नावाची बुरशी तिथे ठाण मांडून झाडाचे पाणी तोडते. याच पट्ट्यातल्या कलबुर्गीला कन्नडमध्ये ‘तोगरी कणज’, म्हणजे तुरीचे कोठार म्हणतात. या कोठाराचा जुना शत्रू हाच.

पण त्याच ओळीतले शेजारचे झाड उभे कसे राहते?

१९८६ मध्ये कर्नाटकात ‘मारुती’ नावाचे वाण आले. महाराष्ट्रातल्या एका गावरान तुरीत पटनचेरूच्या ‘इक्रिसॅट’ या संस्थेतील संशोधकांनी मरीला दाद न देणारी झाडे हेरली आणि तीच निवडत नेली. त्यांनी बाहेरून एकही जनुक घातले नव्हते. झाडाझाडांतला हा फरक आधीपासून बियाण्यात होता, आणि असे फरक मुळात जन्मतात उत्परिवर्तनातून, म्हणजे डीएनएत झालेल्या बदलांतून.

तुरीच्या पेशीत गुणसूत्रांच्या ११ जोड्या असतात. पेशी दुभागताना त्यांतला सारा डीएनए नकलून काढावा लागतो. नक्कल करणारी यंत्रणा चोख, चुका तपासणारीही. तरी डीएनएच्या या मजकुरात कुठे एखादे अक्षर चुकते. वरणाचे मरण व्हायला एकच अक्षर लागते. माणसाच्या रक्तातला सिकलसेल हा विकार असाच, एका अक्षराच्या बदलाने होतो. अक्षर गळाले तर घोटाळा आणखी मोठा, कारण पेशी तीन-तीन अक्षरे वाचते. ‘गरम वरण सतत’मधला पहिला ‘ग’ काढा, उरते ‘रमव रणस तत’. पुढचे सगळेच वाचन बिघडते.

गुणसूत्रांच्या पातळीवर तर अख्खा तुकडा गळतो, दुप्पट होतो, उलटा बसतो किंवा दुसऱ्याच गुणसूत्राला चिकटतो. कधी पूर्ण गुणसूत्रच जास्तीचे येते. माणसात २१वे तिसऱ्यांदा आले की डाउन सिंड्रोम.

चुका घडवणारे हात बाहेरचेही असतात : उन्हातले अतिनील किरण, क्ष-किरण, काही रसायने. हर्मन मुलर यांनी १९२७ मध्ये फळमाश्यांवर क्ष-किरण सोडून हे दाखवले, आणि शेतीवाल्यांना त्यात संधी दिसली. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने किरणांच्या माऱ्यातून बदललेली झाडे पैदाशीत वापरली. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाबरोबरचे त्यांचे उडदाचे वाण ‘टीएयू-१’ १९८५ मध्ये महाराष्ट्रासाठी प्रसारित झाले. टी-९ या जुन्या वाणाचा एका उत्परिवर्ती उडदाशी केलेला हा संकर. ‘किरण दिलेले बी’ म्हटले की काहींच्या कपाळावर आठी पडते. पण किरण बियाण्यातून निघून जातो, मागे राहतो तो फक्त अक्षरांतला फेरफार. असल्या माऱ्यात बहुतेक झाडे खुरटी, वांझ निघतात. हजारोंतून एखादे कामाचे, आणि ते शोधायला शेतातच घाम गाळावा लागतो.

शिवाय मरीची बुरशीही स्वस्थ बसलेली नाही. तिच्याही डीएनएची नक्कल होते, तीही चुकते, आणि तिचे निरनिराळे प्रकार निरनिराळ्या भागांत सापडतात. म्हणून तूर संशोधक अजूनही मुद्दाम एक रोगट वावर राखतात. मेलेल्या तुराट्या बारीक तोडून त्यात मिसळतात, त्यावर नवे बी पेरतात आणि कोणते झाड उभे राहते ते पाहत बसतात.