कर, रस्ता आणि विलंब

करदात्याची तक्रार सामान्यतः ‘कर फार झाले’ अशा शब्दांत व्यक्त होते. परंतु तिचे पृथक्करण केले असता तिच्यात दोन भिन्न तक्रारी आढळतात. पहिली कराच्या प्रमाणाविषयी असते. दुसरी, दिलेल्या पैशाचा मोबदला केव्हा पदरात पडतो याविषयी. या दुसऱ्या तक्रारीचे स्वरूप रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीतील एका रस्त्यावरून चांगले स्पष्ट होते.

मुंबई-गोवा राष्ट्रीय महामार्गाचा पनवेल ते माणगाव तालुक्यातील इंदापूर हा सुमारे ८४ किलोमीटरांचा भाग पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड या मार्गाने जातो. त्याच्या चौपदरीकरणास २०११ साली आरंभ झाला. २०२४ साल संपले तरी ते काम पूर्ण झाले नव्हते; मधल्या काळात मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिकाही दाखल झाल्या.

रस्त्यासाठी वेगळा कर घेण्याची कल्पना या देशात जुनी आहे. बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ साली नेमलेल्या समितीने पेट्रोलवर जादा कर बसवून त्याचे उत्पन्न रस्त्यांसाठीच राखून ठेवावे, अशी शिफारस केली आणि १९२९ साली रस्ते-निधी अस्तित्वात आला. २००० सालच्या केंद्रीय मार्ग निधी अधिनियमाने पेट्रोल व डिझेल यांवरील उपकरास कायद्याचा आधार मिळाला. ज्याला लाभ त्याने भार सोसावा, हे या उपकरामागील तत्त्व होय. मात्र भार इंधन घेताक्षणीच पडतो. लाभ रस्ता पूर्ण झाल्यावरच मिळतो. या दोहोंतील अंतर जसजसे वाढते, तसतसा त्या तत्त्वाचा नैतिक आधार क्षीण होत जातो.

पनवेल-इंदापूर भागासाठी ‘बांधा, वापरा आणि हस्तांतरित करा’ ही पद्धत स्वीकारण्यात आली होती. भांडवल ठेकेदाराने उभारावे, पथकरातून ते वसूल करावे आणि जोखीमही त्यानेच पत्करावी, अशी या पद्धतीची अपेक्षा असते. परंतु जमीन ताब्यात येण्यास विलंब झाला. कर्नाळा पक्षी अभयारण्यातून जाणाऱ्या पट्ट्यासाठी स्वतंत्र परवानग्या लागल्या. ठेकेदारासही भांडवल अपुरे पडले. अशा वेळी कागदावर खासगी असलेली जोखीम प्रत्यक्षात जनतेकडे परत येते.

याच महामार्गावर महाडजवळ याच्या उलट अनुभव आला. सावित्री नदीवरील १९२८ साली बांधलेला पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात कोसळला, दोन एस.टी. गाड्या व इतर वाहने वाहून जाऊन अनेकांचे प्राण गेले. नवा पूल १६५ दिवसांत बांधून जून २०१७ मध्ये वाहतुकीस खुला झाला. ८४ किलोमीटरांच्या रस्त्याची एका पुलाशी सरळ तुलना करणे न्याय्य नव्हे, हे खरे. पुलाची जागा निश्चित होती, काम मर्यादित होते आणि पैसा थेट सरकारी तिजोरीतून मिळणार होता. तथापि शासनयंत्रणेच्या अंगी कार्यक्षमताच नाही, हे सरसकट विधान या उदाहरणाने टिकत नाही. जमीन, पैसा आणि जबाबदारी ही तिन्ही कामाच्या आरंभीच एकत्र असतील, तर तीच यंत्रणा वेगाने काम करते.

मग विलंबाचा हिशेब कोठे लागतो? अर्थसंकल्पात मंजूर व खर्च झालेल्या रकमा नोंदल्या जातात. खड्ड्यांमुळे झिजलेली चाके, वाया गेलेले इंधन, गणपतीसाठी गावी निघालेल्या चाकरमान्यांचे रस्त्यात गेलेले तास, अपघातांत गेलेले जीव, यांसाठी त्यात रकाना नाही. काम रखडले म्हणून खर्ची न पडलेली रक्कम हिशेबात शिल्लक दिसते. करदात्याच्या दृष्टीने मात्र ती हानीच असते. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या कार्यफल-लेखापरीक्षेत विलंबाची मीमांसा होऊ शकते. पण ती बहुधा नुकसान होऊन गेल्यावर होते.

म्हणून मोठ्या कामाचा आदेश देण्यापूर्वी किती जमीन प्रत्यक्ष ताब्यात आहे, कोणत्या परवानग्या हाती आहेत आणि ठेकेदार खचल्यास भार कोणी उचलावयाचा, हे विधिमंडळापुढे व जनतेपुढे मांडले जाणे अगत्याचे ठरते. पैसा कोठे गेला, हा करदात्याचा प्रश्न रास्त आहेच. परंतु काळ कोठे गेला, हा त्याचा प्रश्नही तितकाच आयव्ययशास्त्राच्या कक्षेतील आहे.