चढाईपटूचा गुडघा आणि प्रशिक्षकाचा निर्णय

कबड्डीत प्रत्येक बाजूने सात खेळाडू मैदानात उतरत असले, तरी हार-जितीचा वाद बहुधा एकाच खेळाडूवर येऊन थांबतो, आणि तो म्हणजे संघाचा मुख्य चढाईपटू. परभणी तालुक्यातील झरीपासून मुंबईपर्यंत जिथे जिथे हा खेळ आवडीने पाहिला जातो, तिथे सामना संपल्यावर दोन प्रश्न हमखास निघतात: दुखापतग्रस्त चढाईपटूला खेळवायला हवे होते का, आणि प्रशिक्षकाने त्याला वेळेवर बदलले का. अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉलमध्ये हाच वाद क्वार्टरबॅकवरून चालतो; संघाची प्रत्येक आक्रमक चाल त्या खेळाडूच्या हातातून सुरू होते, चेंडू कोणाकडे फेकायचा हे तोच क्षणात ठरवतो, आणि म्हणूनच तो जखमी झाला की आखलेले सगळे डावपेच बदलावे लागतात.

एवढे महत्त्व एकाच माणसाला का येते, हे कबड्डीच्या नियमांतून उलगडते. सामना वीस-वीस मिनिटांच्या दोन सत्रांचा आणि एक चढाई जास्तीत जास्त तीस सेकंदांची असल्याने एका संघाच्या वाट्याला साधारण चाळीस चढाया येतात, आणि त्यांतील मोठा वाटा मुख्य चढाईपटूच उचलतो. त्याची पकड झाली की प्रतिस्पर्ध्याला एक गुण मिळतो, पण खरे नुकसान त्यानंतर सुरू होते, कारण आपल्या संघाने गुण मिळवून त्याला पुन्हा जिवंत करेपर्यंत तो बाहेर बसून राहतो आणि तेवढ्या वेळातल्या चढाया दुय्यम खेळाडूंना कराव्या लागतात. त्यातच प्रो कबड्डी लीगमध्ये सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या, की तिसऱ्या चढाईत गुण घ्यावाच लागतो, नाही तर चढाई करणारा बाद होतो. त्यामुळे मुख्य चढाईपटू बाहेर असताना आलेली तिसरी चढाई संघाची मोठी परीक्षा पाहते. अनेक वेळा सगळे गडी बाद होऊन लोण बसतो आणि प्रतिस्पर्ध्याला वरचे दोन गुण मिळतात, त्याची सुरुवात अशाच एखाद्या पकडीपासून झालेली असते.

या वादाचे सर्वांत बोलके उदाहरण याच लीगमधील पुणेरी पलटण या संघाने दिले आहे. श्रीरामपूर तालुक्यातील टाकळीभानचा अस्लम इनामदार आणि हरियाणाचा मोहित गोयत हे या संघाचे दोन प्रमुख चढाईपटू. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबईत झालेल्या नवव्या मोसमाच्या अंतिम सामन्यात दुखापतींमुळे दोघेही नव्हते, आणि जयपूर पिंक पँथर्सने तो सामना ३३-२९ असा जिंकला. पुढच्याच मोसमात, १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत, अस्लमच्या नेतृत्वाखाली याच संघाने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून आपले पहिले विजेतेपद मिळवले. दोन्ही वेळी प्रशिक्षक बी. सी. रमेश होते. दोन अंतिम सामने, एकात चार गुणांनी हार आणि दुसऱ्यात तीन गुणांनी जीत, एवढे पाहून ‘अस्लम असता तर’ हे वाक्य पाठीराख्यांच्या तोंडी बसणे स्वाभाविक आहे.

तरीही हा निष्कर्ष अर्धवट आहे. नवव्या मोसमात हे दोघे नसताना संघ अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला, तो उपांत्य सामन्यात तमिळ थलायवाजविरुद्ध पंकज मोहितेने केलेल्या चढायांच्या जोरावर. आणि दहाव्या मोसमाच्या अंतिम सामन्यात अस्लम व मोहित दोघेही मैदानात असतानासुद्धा संघासाठी सर्वाधिक, म्हणजे नऊ गुण मिळवणारा खेळाडू पुन्हा पंकजच होता, आणि त्यातही एकाच चढाईत चार गुण घेऊन त्याने सामन्याचे पारडे फिरवले. पुण्याचे खरे बळ चढाईची जबाबदारी तीन-चार जणांत वाटून देण्यात होते. याउलट, कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगड तालुक्याचा सिद्धार्थ देसाई खांद्याच्या दुखापतीमुळे आठव्या मोसमात अवघे काही सामने खेळून बाहेर गेला, तेव्हा तेलुगू टायटन्सला बावीस सामन्यांत एकच विजय मिळाला. ते अपयश केवळ सिद्धार्थच्या गैरहजेरीचे म्हणता येणार नाही, मात्र संपूर्ण आक्रमण एका खांद्यावर टाकले की काय होते, हे त्यातून नक्कीच दिसते.

चढाईपटू जखमी होतो कसा, हे निदान रेषेच्या आसपास घडणाऱ्या एका हालचालीतून समजते. मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर असलेली ही रेषा ओलांडल्याशिवाय चढाई ग्राह्य धरली जात नाही, आणि तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा असते. बचावात सहा किंवा अधिक खेळाडू असताना एक पाय हवेत ठेवून दुसरा पाय बोनस रेषेपलीकडे टेकवला की गुण मिळतो. तो पाय पुढे टाकलेला असतानाच डाव्या कोपऱ्यातील बचावपटू पट काढतो, म्हणजे घोटा धरून मागे खेचतो. चढाईपटूचे धड त्याच क्षणी मध्यरेषेकडे वळलेले असते आणि बुटाचा तळवा मॅटला घट्ट चिकटलेला असतो. पाऊल जागेवर आणि मांडी फिरलेली, अशा स्थितीत गुडघ्याच्या आत मांडीचे हाड आणि नडगी यांना बांधून ठेवणारा पुढचा अस्थिबंध तुटू शकतो, आणि मग शस्त्रक्रिया करून मैदानावर परतायला साधारण नऊ महिने ते वर्ष लागते. अकराव्या मोसमात अस्लमलाही गुडघ्याच्या दुखापतीने मोसम अर्ध्यावर सोडावा लागला आणि गतविजेता संघ बाद फेरीपर्यंतही पोहोचला नाही.

इथे प्रशिक्षकाच्या निर्णयाचा खरा कस लागतो. अमेरिकेतील फुटबॉलमध्येही हेच दिसते. जानेवारी २०१३ मध्ये वॉशिंग्टनचा तरुण क्वार्टरबॅक रॉबर्ट ग्रिफिन, आधीच दुखावलेला गुडघा घेऊन, सिॲटलविरुद्धच्या बाद फेरीच्या सामन्यात लंगडत खेळत राहिला. प्रशिक्षक माइक शॅनहन यांनी त्याला बाहेर काढले नाही, अखेर त्याचा गुडघा निकामी झाला आणि संघ २४-१४ असा हरला. पाच वर्षांनी फिलाडेल्फियाचा कार्सन वेंट्झ अस्थिबंध तुटून बाहेर पडल्यावर राखीव निक फोल्सने संघाला विजेतेपद मिळवून दिले. ‘मी खेळतो’ असे म्हणणे खेळाडूच्या स्वभावातच असते, त्यामुळे त्याच्या होकाराला पुरावा मानणे हा प्रशिक्षकाचा दोष ठरतो, खेळाडूचा नव्हे. आणि जिंकलेल्या सामन्यातील असा निर्णय धाडसाचा म्हणून वाखाणला जातो, हरलेल्या सामन्यातील तोच निर्णय घोडचूक ठरतो, ही पाठीराख्यांच्या वादातील मोठी उणीव आहे.

व्यावसायिक संघांकडे फिजिओथेरपिस्ट, तपासणीची यंत्रे आणि पाच राखीव खेळाडू असतात. परभणीसारख्या जिल्ह्यांतील गावोगावच्या स्पर्धांमध्ये खेळ बहुधा मातीवर होतो, उन्हाळ्यात काळ्या जमिनीचे ढेकूळ टणक होते, आणि निर्णय घ्यायला एखादा वडीलधारा खेळाडू किंवा कर्णधार एवढाच आधार असतो. म्हणून तिथे एक गोष्ट माहीत असणे सर्वांत उपयोगी ठरते: अस्थिबंध तुटताना बऱ्याचदा गुडघ्यात ‘कट्ट’ असा आवाज आल्याचे जाणवते आणि काही तासांत गुडघा सुजतो, परंतु थोड्या वेळाने माणूस उठतो, सरळ चालतोही, आणि ‘काही झालेलं नाही, पुढची चढाई मीच करतो’ असे सांगतो. तुटलेल्या अस्थिबंधावर सरळ चालता येते. वळता येत नाही, आणि कबड्डीतली प्रत्येक चढाई वळण्यावरच संपते. अशा गुडघ्यावर पुन्हा चढाई केल्यास हाडांमधील गादी फाटण्याचा धोका वाढतो, आणि सूज आठवड्याभरात उतरली तरी आतला अस्थिबंध आपोआप जुळून आला असे समजता येत नाही. त्यासाठी अस्थिरोगतज्ज्ञाकडून गुडघा तपासून घ्यावा लागतो आणि बहुतेक वेळा एमआरआय करावा लागतो.