श्रमदान की सावड?

आषाढ लागला, की मावळ, मुळशी, कर्जत या पट्ट्यांतील भातखाचरांत शनिवार-रविवारी शहरी पाहुण्यांची वर्दळ दिसू लागते. काही जण पैसे मोजून लावणीचा अनुभव घेतात. राज्य सरकारच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाने अशा व्यवसायाला अधिकृत चौकट दिली आहे. तेथे पाहुणा हा ग्राहक असतो आणि हिशोब चोख असतो. प्रश्न आहे तो अल्पभूधारकाला हातभार लावावा, अशा सद्भावनेने येणाऱ्यांचा. या विनामूल्य श्रमाचे मूल्य काय?

१९७०-७१ च्या कृषिगणनेत महाराष्ट्रातील शेतजमिनीची सरासरी धारणा ४.२८ हेक्टर होती; २०१५-१६ मध्ये ती १.३४ हेक्टरवर आली. एवढ्या तुकड्यावर वर्षातील बहुतेक काळ कामापेक्षा हातच अधिक असतात. टंचाई भासते ती लावणी-कापणीच्या मोजक्या दिवसांत. रोप तीन-चार आठवड्यांचे झाले, पाऊस लागला, चिखलणी झाली, की लावणी उरकावीच लागते. रोप काही पुढच्या रविवारची वाट पाहत नाही.

शिवाय हे काम अकुशल आहे, ही समजूतच मुळात शहरी. चिमटीत दोन-तीन काड्या धरून, वाकल्या कमरेने मागे मागे सरकत, न मोजता सारखे अंतर राखणारी बाई जे करते ते वर्षानुवर्षांच्या सरावाने आलेले असते. नवखा हात रोप खोल खोचतो, खोल गेलेल्या रोपाला फुटवे कमी येतात आणि त्याचा भुर्दंड कापणीला कळतो. त्या वेळी पाहुणा आपल्या घरी असतो! त्यातच त्याला शिकवण्यात घरचा एक जाणता हात अडकतो आणि चहा-जेवणात दुसरा. अशा श्रमाची सीमांत उत्पादकता शून्याच्याही खाली जाऊ शकते, असे अर्थशास्त्राचा कोणताही विद्यार्थी सांगेल.

याहून गंभीर बाब मजुरीची आहे. गावातील भूमिहीन बायांना याच दिवसांत हमखास काम मिळते. चार पाहुण्यांनी हौसेने एक खाचर लावले आणि त्यामुळे दोघींचा रोज बुडाला, तर ते दान कोणाच्या खिशातून झाले? पिकाचा उत्पादनखर्च काढताना कृषी खर्च व मूल्य आयोग घरच्या माणसांच्या बिनपगारी श्रमाचीही किंमत धरतो. घरच्यांचे श्रम जेथे फुकट मानले जात नाहीत, तेथे परक्यांचे तसे कसे मानावेत?

विलायतेत या व्यवहाराला निराळे वळण मिळाले. १९७१ साली लंडनमध्ये नोकरी करणाऱ्या सू कॉपर्ड यांनी ससेक्समधील इमर्सन कॉलेजच्या शेतावर सुट्टीच्या दिवशी काम करण्याची योजना आखली. त्यातून 'वूफ' ही चळवळ उभी राहिली आणि जगभर पसरली. पाहुण्याने दिवसातील काही तास सेंद्रिय शेतावर राबावे, यजमानाने जेवण, निवारा व ज्ञान द्यावे. पैशांची देवघेव नाही. त्यांच्या इंग्रजी नावात एकेकाळी 'कामकरी' या अर्थाचा शब्द होता. पाहुण्यांना परदेशी मजूर समजण्याचा घोटाळा होऊ लागला, तेव्हा तो गेला आणि त्याच्या जागी 'संधी' आली. हा बदल मला अधिक प्रामाणिक वाटतो. संधी मिळते ती पाहुण्याला; देणारा असतो शेतकरी.

आपल्याकडे तर यासाठी जुने शब्द आहेत. इर्जिकेत गावकरी एकाच्या शेतावर जमतात आणि जेवून जातात. सावडीत आज मी तुझ्याकडे, उद्या तू माझ्याकडे. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरउतारांवर पडकईच्या प्रथेने एकमेकांची खाचरे घडवली गेली. या साऱ्यात उपकार नाही, परतफेड आहे. २०१८ च्या महाराष्ट्रदिनी हजारो शहरवासीयांनी दुष्काळी गावांत पाणलोटाची कामे केली. त्या श्रमदानाचे मोल निर्विवाद आहे. पण ते सामूहिक काम होते आणि चर खोदायला लावणीचा हात लागत नाही. खाजगी शेतावर जाणाऱ्याने सावडीचाच हिशोब मांडला पाहिजे, आणि त्या हिशोबात पोटभर जेवून चार गोष्टी शिकून आलेला पाहुणाच ऋणको ठरतो.

म्हणून जाऊ नये असे नाही. जावे, पण दरवर्षी एकाच घरी जावे आणि शेतकरी सांगेल त्या दिवशी जावे, मग तो मंगळवार का असेना. ज्या कामाला बाया रोजाने येतात ते त्यांच्याकडे राहू द्यावे. फुटलेला बांध घालणे, शेणखत पसरणे अशी छायाचित्रात न शोभणारी कामे पुष्कळ असतात. त्या घरचे कोणी दवाखान्यासाठी किंवा मुलीच्या प्रवेशासाठी शहरात आले, तर तो दिवस आपल्या फेडीचा समजून रजा टाकावी. आणि झोडणी आटोपून इंद्रायणी गिरणीतून भरडून आला, की वर्षाचा तांदूळ त्याच घरून शहरातील दुकानाच्या भावाने घ्यावा. ओळखीपोटी सवलत मागू नये.