आरोपी चुकलेला खोकला

कुत्र्याच्या फुप्फुसात जंतू सापडला की तोच गुन्हेगार, या घाईने पशुवैद्यांना शंभर वर्षांहून अधिक काळ चकवलं आहे.

1905 साली फ्रान्समध्ये आंरी कारे यांनी डिस्टेंपर हा साथीचा आजार झालेल्या कुत्र्यांच्या नाकातला स्राव जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतून गाळला. तरीही त्याने धडधाकट कुत्री आजारी पडली. म्हणजे कारण जिवाणूहून बारीक होतं. कोणाला ते पटेना. 1910-11च्या सुमारास डेट्रॉइटच्या नेवेल फेरी यांना अशाच कुत्र्यांच्या श्वासमार्गात एक जिवाणू वारंवार सापडला आणि डिस्टेंपरचं खापर त्याच्यावर फुटलं. तिढा सोडवायला ‘द फील्ड’ या शिकार-शौकिनांच्या इंग्रजी साप्ताहिकाने निधी उभारला. लंडनच्या मिल हिलमध्ये लेडलॉ आणि डंकिन यांनी कुत्री कडेकोट विलगीकरणात वाढवली आणि 1926 ते 28च्या दरम्यान कारे यांचं म्हणणं सिद्ध केलं. फेरींचा जिवाणू विषाणूच्या मागून घुसणारा निघाला. गंमत म्हणजे तोच, आजचा बोर्डेटेला ब्राँकिसेप्टिका, ‘केनेल कफ’ मात्र एकट्याच्या बळावर देतो, हे 1970च्या दशकातल्या प्रयोगांत दिसलं.

काही जंतू याउलट, असून सापडत नाहीत. कॅलिफोर्नियातल्या शिकारी कुत्र्यांच्या श्वासाबरोबर गवताचं कुसळ आत जातं. धोतराला अडकलेलं कुसळ जसं पुढेच सरकतं, तसंच ते फुप्फुसात सरकतं आणि अ‍ॅक्टिनोमायसिस किंवा नोकार्डिया सोबत नेतं. छातीत पू होतो. नोकार्डिया सावकाश वाढतो. प्रयोगशाळेने दोन दिवसांत कल्चर प्लेट फेकली की अहवाल येतो, ‘वाढ नाही’. मायकोप्लाझ्मा सायनॉसला तर पेशीभित्तिकाच नाही. ग्रॅमच्या रंगात तो दिसत नाही, पेनिसिलिनला दाद देत नाही.

पुढे जंतूंचा जनुकांवरून माग काढणारं पीसीआर आलं आणि अडचण उलटी झाली: निरोगी कुत्र्यांतही जंतूंची नावं निघू लागली. 2023मध्ये अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये दोनशेहून अधिक कुत्र्यांना चिवट खोकला झाला. त्याच सुमारास न्यू हॅम्पशायरच्या संशोधकांना आजारी कुत्र्यांच्या नमुन्यांत एका अनोळखी, छोट्या जनुकसंचाच्या जिवाणूचा माग लागला. तो सापडला, एवढंच म्हणता येतं.

म्हणून पशुवैद्य मित्रांना एक विनंती. प्रकृती साथ देत असेल तर फुप्फुस धुऊन घेतलेला नमुना प्रतिजैविक सुरू करण्याआधी पाठवा, आणि कुसळाची शंका असेल तर फॉर्मवर स्पष्ट लिहा: प्लेट लवकर फेकू नये.