परिचारिकेच्या खोलीतील फीत

सिडनीच्या पश्चिमेस, पॅरामाटाच्या पलीकडे, वेंटवर्थव्हिल नावाचे उपनगर आहे. वसाहतीच्या आरंभकाळातील शल्यवैद्य डार्सी वेंटवर्थ यांच्या घराण्याचे नाव त्यास लाभले. आज तेथे भारतातून आलेल्या कुटुंबांची मोठी वस्ती असून तांदूळ, तूरडाळ, कोकम, मसाले असे सारे जिन्नस तेथील दुकानांत मिळतात. शेजारीच वेस्टमीड येथे १९७८ साली सुरू झालेले विस्तीर्ण रुग्णालय आहे. अशा ठिकाणी राहणाऱ्यास आजाराची चिंता ती कसली, असे कोणासही वाटेल. परंतु मधुमेह व हृदयविकार रुग्णालयाच्या दाराशी येऊन पोहोचतात, तेव्हा त्यांची बरीचशी वाटचाल झालेली असते. त्यांना वाटेतच अडविण्याचे काम फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यात, आणि तेथेही बहुधा परिचारिकेच्या लहानशा खोलीत चालते. त्या कामाची ओळख वाचकांस करून द्यावी, हा या लेखाचा हेतू आहे.

मधुमेह हा साखरेचा आणि हृदयविकार हा चरबीचा आजार, अशी आपल्यात सर्वसाधारण समजूत आहे. वास्तविक दोहोंचे कार्यक्षेत्र एकच, ते म्हणजे रक्तवाहिन्या. रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की वाहिन्यांचे आतील अस्तर खराब होते. त्यात वाढलेला रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि तंबाखू यांची भर पडली की हृदय, मेंदू, मूत्रपिंडे, डोळे आणि पाय ही सारी धोक्यात येतात. ब्रिटनमध्ये १९७७ साली सुरू झालेल्या एका दीर्घ अभ्यासाचे निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाले. ज्या मधुमेही रुग्णांचा रक्तदाब कसोशीने ताब्यात ठेवला गेला, त्यांच्यात पक्षाघाताचे प्रमाण ४४ टक्क्यांनी व मधुमेहाशी निगडित मृत्यूंचे प्रमाण ३२ टक्क्यांनी घटल्याचे त्यात आढळले. तेव्हा “माझी साखर ठीक आहे” असे सांगणाऱ्याच्याही दंडाला परिचारिका पट्टा बांधते, ती उगाच नव्हे.

तपासणीत फीतही असते. ऑस्ट्रेलियात मधुमेहाचा संभाव्य धोका ओळखण्यासाठी ‘ऑसड्रिस्क’ नावाची प्रश्नावली वापरतात. वय, जन्मदेश, आईवडील वा भावंडांचा मधुमेह, रक्तदाबाची औषधे, धूम्रपान, भाजी-फळे, व्यायाम आणि कंबरेचा घेर यांना गुण देतात. बेरीज १२ किंवा त्याहून अधिक झाल्यास धोका मोठा समजतात. आशियाई वंशाच्या पुरुषास ९० व स्त्रीस ८० सेंटिमीटर घेरापासूनच गुण लागू होतात. इतर बहुतेकांसाठी हे आकडे अनुक्रमे १०२ व ८८ आहेत.

हा भेद का, हे समजण्यासाठी पुण्याकडे वळावे लागते. तेथील के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच मोजमापे प्रसिद्ध केली. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३ होता, परंतु शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के भरली. बाहेरून सडपातळ दिसणारा भारतीय मनुष्य आतून तसा असेलच असे नाही. “आमच्या घरात कोणी लठ्ठ नाही” या समाधानावर म्हणूनच विसंबता येत नाही.

हृदयाचेही असेच गणित मांडले जाते. ऑस्ट्रेलियात २०२३ साली जाहीर झालेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ४५ ते ७९ वयाच्या व्यक्तींचा, आणि मधुमेह असल्यास ३५ व्या वर्षापासूनच, पुढील ५ वर्षांतील धोका काढतात. तो १० टक्के किंवा अधिक निघाल्यास मोठा मानतात. दक्षिण आशियाई वंशाच्या व्यक्तीस गणितात निघेल त्याहून वरच्या गटात धरण्याचा विचार व्हावा, असेही तेथे नमूद आहे. निदान व औषधयोजना डॉक्टरांची. परंतु मोजमाप, समजावणी आणि पुढील तारखेची आठवण हे काम परिचारिका पाहते.

उपाय आहे काय? निश्चित आहे. चेन्नई येथे मधुमेहाच्या उंबरठ्यावरील भारतीयांवर केलेला अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. केवळ आहार व चालणे यांत बदल केलेल्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण सुमारे ३ वर्षांत २८.५ टक्क्यांनी कमी झाले. मात्र उपदेश मानवेल असा हवा. कोकणी माणसाला “भात सोडा” म्हटले की तो दवाखानाच सोडतो. त्यापेक्षा अर्ध्या ताटात भाजी व कोशिंबीर, पाव भागात भात किंवा भाकरी, उरलेल्या पाव भागात मासळी वा डाळ, असे सांगितलेले पटते. नारळाच्या घट्ट रसाचे कालवण सणावारी असावे. लोणचे, पापड व सुकी मासळी यांतील मीठ रक्तदाबास बाधते. आणि दिवसभरातील चहांची साखर मोजली तर पुष्कळांस आश्चर्य वाटेल.

भारतातून मुलांकडे येणाऱ्या वडीलधाऱ्यांविषयी विशेष सांगावयाचे आहे. आपल्याकडे रक्तशर्करा मिलिग्रॅममध्ये मोजतात, ऑस्ट्रेलियात मिलिमोलमध्ये. तेथील आकड्यास १८ ने गुणले की आपला आकडा मिळतो. तेथील ७ म्हणजे आपले १२६, आणि तेथील १२ म्हणजे २१६. “बाराच तर आहे” म्हणून निश्चिंत राहणे घातक ठरेल. तसेच ४ च्या खाली, म्हणजे ७२ च्या खाली, साखर उतरल्यास ती तत्काळ वर आणावी लागते. भारत व ऑस्ट्रेलिया यांच्यात परस्पर आरोग्यसेवेचा करार नाही. म्हणून पाहुण्या आईवडिलांचा विमा, औषधांचा पुरेसा साठा आणि डॉक्टरांची चिठ्ठी निघण्यापूर्वीच सिद्ध ठेवावी. तेथे स्थायिक झालेल्या मधुमेही व्यक्तींसाठी १९८७ पासून राष्ट्रीय मधुमेह सेवा योजना चालू असून तीत नोंदणी विनामूल्य होते.

आणखी एक गोष्ट. परिचारिकेने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आपल्यात पुष्कळदा सासूबाईंऐवजी सूनबाई किंवा वडिलांऐवजी चिरंजीव देतात. वडीलधारी माणसे संकोचाने गप्प बसतात. गोळ्या परवडत नाहीत म्हणून एक दिवसाआड घेतल्या जातात, हे घरच्यांनाही ठाऊक नसते. परिचारिकेचा सारा हिशेब सांगितलेल्या गोष्टींवरच चालतो. तिला खरे सांगावे. भाषा अडल्यास दुभाषा मागावा. मुलांनी क्षणभर बाहेर बसावे.

मधुमेह असल्यास वर्षातून निदान एकदा रक्तातील एचबीएवनसी व कोलेस्टेरॉल, लघवीतील प्रथिने, मूत्रपिंडांचे कार्य व पावले तपासून घ्यावीत. डोळ्यांची तपासणी निदान दोन वर्षांतून एकदा, धोका अधिक असल्यास दरवर्षी व्हावी. मधुमेही माणसास हृदयविकाराचा झटका छातीत कळ न येताही येऊ शकतो. अकस्मात दम लागणे, थंड घाम, अकारण गळून जाणे ही चिन्हे दिसल्यास ऑस्ट्रेलियात ००० या क्रमांकावर तत्काळ दूरध्वनी करावा.

मुंबई-ठाण्यात असोत, इस्राएलात असोत की सिडनीत, आपल्या घरांतील कर्ती माणसे ऐन चाळिशीत या आजारांच्या टप्प्यात येतात. कोणतेही दुखणे नसताना दवाखान्यात जाऊन कंबर व रक्तदाब मोजून घेणे त्यांस जड जाते, हे आम्ही जाणतो. तरी या महिन्यात एक सकाळ त्यासाठी राखून ठेवावी, आणि घरातील वडीलधाऱ्यांसही सोबत न्यावे, अशी आमची सर्व वाचकांस आग्रहाची विनंती आहे.