लिटराचा भरंवसा

तेलाचा व्यवहार लिटरांत चालतो. परंतु यंत्रास मिळणारी शक्ति मुख्यतः जळालेल्या तेलाच्या वजनावर अवलंबून असते. लिटर हें जागेचें माप होय. त्या जागेंत द्रव्य किती भरलें आहे, हें तें सांगत नाहीं. जागा आणि द्रव्य यांची सांगड घालणाऱ्या राशीस घनता म्हणतात. वस्तुमानास आकारमानानें भागलें म्हणजे ती मिळते. पाण्याची घनता पुस्तकांत पाहून सांगतां येते, कारण पाणी हा एकच पदार्थ आहे. पेट्रोल, घासलेट व डिझेल हीं मात्र मुख्यत्वें कार्बन आणि हायड्रोजन यांच्या शेंकडों संयुगांचीं मिश्रणें होत. तेलाची विहीर बदलली किंवा शुद्धीकरणाची रीत बदलली, कीं मिश्रण बदलतें आणि त्याबरोबर घनताहि बदलते. म्हणून ती मोजावीच लागते.

प्रथम उष्णतेचा परिणाम पाहूं. १५ अंश सेंटिग्रेड उष्णतामानास ज्याची घनता दर लिटरास ७४० ग्रॅम आहे, असें १,००० लिटर पेट्रोल घ्या. त्याचें वजन ७४० किलोग्रॅम झालें. तेंच पेट्रोल ३५ अंशांपर्यंत तापलें, तर तें सुमारें १,०२५ लिटर होईल. वजनांत एका ग्रॅमचीहि भर पडली नाहीं. परंतु घनता ७२२ ग्रॅमांवर उतरली. उष्णतामानाच्या एवढ्याच फरकानें १,००० लिटर पाणी जेमतेम ५ लिटरांनीं वाढतें. याच कारणास्तव भारतांत तेलाची घनता १५ अंशांची म्हणून सांगतात, आणि अन्य उष्णतामानास घेतलेलें माप कोष्टकांच्या साहाय्यानें १५ अंशांवर आणतात.

घनता मोजण्याची शाळेंतील रीत विशिष्टगुरुत्वाच्या बाटलीची. बाटली रिकामी तोलावी, पाण्यानें भरून तोलावी, मग कोरडी करून तेलानें भरून तोलावी. तेलाच्या वजनास तेवढ्याच जागेंतील पाण्याच्या वजनानें भागलें कीं विशिष्टगुरुत्व हातीं येतें. याहून जलद साधन म्हणजे तरकाटा. खालीं जड फुगा व वर खुणा केलेली बारीक दांडी असलेली ही कांचेची बंद नळी द्रवांत उभी तरंगते. द्रव हलका असेल तर ती अधिक बुडते. कारण आपल्या वजनाइतका द्रव बाजूस सारल्यावांचून तिला तरंगतां येत नाहीं. आर्किमिडीजचा सिद्धान्त येथें डोळ्यांस दिसतो. भारतांतील पेट्रोल-पंपांवर तरकाटा, उष्णतामापक व ५०० मिलिलिटरांचें नळकांडें ठेवावें लागतें, आणि ग्राहकानें मागणी केल्यास घनता मोजून दाखवावी लागते. आधुनिक प्रयोगशाळांत यू-आकाराच्या नळींत द्रव भरून ती थरथरवितात. द्रव जितका घन, तितकीं कंपनें मंद होतात, व त्यांच्या कालावधीवरून घनता निघते.

दोन द्रव मिसळण्याचा प्रश्न याहून नाजूक आहे. ५० मिलिलिटर बेंझीन आणि तितकेंच सायक्लोहेक्झेन एकत्र केलें, तर मिश्रण १०० मिलिलिटरांपेक्षां अर्ध्या मिलिलिटराहून कांहींसें अधिक भरतें. उलट, लहान रेणूंच्या हलक्या तेलांत लांब रेणूंचें जड तेल मिसळलें, तर आकारमान बहुधा किंचित् आकसतें. हरभऱ्यांच्या मापांत मोहरी ओतली असतां ती फटींत शिरते, तशांतलाच हा प्रकार. मात्र रेणूंमधील परस्पर आकर्षणाचाहि यांत वांटा असतो. फरक थोडा खरा. परंतु दहा लक्ष लिटरांच्या टाकींत हजारावा भाग म्हणजे १,००० लिटर होतात! म्हणून सूक्ष्म हिशेबांत आकारमानांची बेरीज करूं नये. वजनांची करावी, व मिश्रणाची घनता नव्यानें मोजावी. तथापि घनता जुळली म्हणजे तेल निर्भेळच, असेंहि समजूं नये. एक हलका व एक जड पदार्थ योग्य प्रमाणांत मिसळून हवी ती घनता आणतां येते.

या विषयांतील दुर्लक्ष किती महाग पडतें, हें २३ जुलै १९८३ रोजीं कॅनडांत दिसून आलें. मॉंट्रियलहून ओटावामार्गें एडमंटनला जाणाऱ्या एअर कॅनडाच्या बोईंग ७६७ विमानास २२,३०० किलोग्रॅम इंधन हवें होतें. इंधनमापक बिघडल्यामुळें टाक्यांतील तेल पट्टीनें मोजलें. तें ७,६८२ लिटर भरलें. त्याचें वजन काढतांना १.७७ नें गुणण्यांत आलें. हा आंकडा एका लिटराच्या पौंडांतील वजनाचा होता. किलोग्रॅमांसाठीं सुमारें ०.८ हवा होता. त्यामुळें सहा हजारांहून किंचित् अधिक किलोग्रॅम तेल कागदावर १३,५९७ किलोग्रॅम झालें, आणि जेथें सुमारें २०,००० लिटर भरावयाचे, तेथें ५,००० लिटरहि भरले गेले नाहींत. वाटेंतच दोन्ही एंजिनें बंद पडलीं. वैमानिकांनीं मोठ्या कौशल्यानें विमान तरंगत नेऊन गिम्ली येथील जुन्या धांवपट्टीवर उतरविलें, म्हणून आंतील ६९ माणसें वांचलीं.

तेथील गुणाकार बिनचूक होता. चुकलें होतें तें परिमाण. विद्यार्थिमित्रहो, प्रयोगवहींत घनता लिहाल तेव्हां आंकड्यापुढें परिमाण आणि शेजारीं उष्णतामान लिहावयास विसरूं नका. या दोहोंवांचून तो आंकडा कितीहि नेटका दिसला, तरी त्यावर भरंवसा ठेवतां येत नाहीं.